रोजाबाईसंगे जुडो

चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाऊन आले म्हटलं की नाशिकचा माणूस एकच विचारतो, "वाघ दिसला का?" नाही दिसला. माझ्याबरोबर जी पाहुणी होती ती अशी भरभक्कम, की एखाद्या वाघाने झुडपातून पाहिलंच असेल तर तो मुकाट्याने दुसऱ्या वाटेने गेला असेल. पाहुणीचं नाव रोझा. राहणार ब्राझील. खेळ ज्युडो. वजनगट सगळ्यात वरचा, जिथे वरची मर्यादा लिहीतच नाहीत, नुसतं "आणि त्यापुढे" म्हणतात.

मी जन्मभर शाळेत पीटी शिकवली आणि सुट्टीत ज्युडोच्या स्पर्धांना पंच म्हणून हिंडले. दिल्लीच्या एका स्पर्धेत रोझाच्या मापाची खुर्ची कुठे मिळेना, तेव्हा मी आयोजकांच्या मागे हात धुऊन लागले आणि व्यासपीठावरचा सोफाच खाली उतरवून घेतला. तेव्हापासून आमची मैत्री. तिचं इंग्रजी जेमतेम, माझं पोर्तुगीज शून्य. पण फोनमधलं भाषांतर आणि दोघींचे मिळून चार हात एवढ्यावर आमचं झकास चालतं. या हिवाळ्यात ती पुण्याला एका शिबिरासाठी आली. शिबिर संपल्यावर तिच्याकडे थोडे दिवस मोकळे होते आणि तिला ताजमहाल पाहायचा होता. मी तिला सिंदेवाहीला नेलं.

त्याचं कारण मनीषा. ही माझी जुनी विद्यार्थिनी. मूळची तिकडचीच, शिकायला नाशिकला होती, आता सिंदेवाहीजवळच्या एका गावात पीटीची बाई आहे. तिचा फोन आला.

"मॅडम, माझ्याकडे एक पोरगी आहे, काजल. घरचे तळ्यावर मासे धरतात. अशी पोरगी मी उभ्या जन्मात पाहिली नाही, तुम्हालाही उचलून फेकेल. पण मागच्या वर्षी एका लढतीत तिनं फेकलेल्या पोरीचा हात मोडला. तेव्हापासून ती कोणालाच फेकत नाही. मॅटवर जाते आन् नुसती खांबासारखी उभी राहते. रविवारी नागपूरला राज्य संघाची निवड आहे. तिची आई म्हणते, सोडून दे आता. तुमची ती ब्राझीलची बाई एकदा आणा नं इकडं!"

मी हे सगळं रोझाला फोनवर टाईप करून दाखवलं. तिने एकच प्रश्न केला, "किती किलो?" मी सांगितलं. तिने ताजमहालाच्या तिकिटांची खिडकी बंद केली आणि बॅग भरायला घेतली.

नागपूर ते सिंदेवाही

नागपूरहून आम्ही गाडी केली. कापूस आणि संत्री मागे पडली, नागभीड आलं, आणि मग दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या लागल्या. बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत, आणि धान म्हणजे आपला भात, शिजवण्याआधीचा. इकडे भात म्हटलं की तो ताटातच. बांध्यांमध्ये पुंजणी, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, रचून ठेवलेली, मधूनमधून तळी, तळ्यांच्या पाळीवर मोहाची झाडं, आणि सगळ्याच्या मागे जंगल. आमच्या नाशिकला एवढं पाणी पाहायचं तर धरणावर जावं लागतं. इथे दर गावाला आपलं स्वतःचं तळं, आणि वर बारकी बारकी आणखी, त्यांना बोड्या म्हणतात.

रोझा खिडकीला नाक लावून बसली होती. तिला वाटेत मराठी शिकायचा झटका आला. मी एकेक वस्तू दाखवायची आणि शब्द सांगायचा. "साबण" म्हटल्यावर ती ओरडली. त्यांच्याकडेही तोच शब्द. मग चावी, मग बटाटा, मग पाव! हे सगळे शब्द पोर्तुगीजांनी आपल्याकडे सोडले हे मला शाळेत शिकवलं होतं, पण त्याचा उपयोग नागभीडच्या पुढे एका टपरीवर होईल असं कोण म्हणालं असतं? टपरीवाल्याने पाव दिला तेव्हा तिने त्याला दोन्ही हातांनी नमस्कार केला. तिच्या बोलीत सुरुवातीच्या र चा ह होतो, त्यामुळे ती स्वतःला "होझा" म्हणते. इकडे, म्हणजे झाडीपट्टीत, ळ चा र होतो, डोळ्याला डोरा म्हणतात. दोन्हीकडचे र मी मनातल्या मनात जुळवत बसले.

तिचं गाव ॲमेझॉनच्या मुखाशी, नदीतल्या एका बेटावर. बाप मासे धरायचा. लहानपणीच ही वर्गातल्या मुलांपेक्षा मोठी दिसायला लागली, म्हणून बोटीवर माल चढवायला हिलाच हाक मारायचे. चर्चमागच्या पडवीत जपानी वंशाचे एक म्हातारे गुरुजी ज्युडो शिकवायचे. त्यांनी हिला दोरखंड ओढताना पाहिलं आणि आत बोलावलं. पण आख्ख्या बेटावर हिच्या वजनाची दुसरी मुलगी नव्हती. ज्युडो एकटीने करता येत नाही, त्याला जोडीदार लागतो.

"मी हमालांबरोबर शिकले," रोझा म्हणाली. "धक्क्यावर नवा हमाल आला की मला सण वाटायचा."

पुढे ती मोठ्या शहरात गेली, राष्ट्रीय संघात आली, त्यांच्या खंडातल्या स्पर्धांत पदकं मिळवली. मग गुडघा गेला, शस्त्रक्रिया झाली, परत पदकं, मग दुसरा गुडघा. शेवटी ऑलिम्पिकला कांस्यपदकाची लढत हरली. ज्युडोत ती लढत हरणाऱ्याला थेट पाचवा नंबर देतात, चौथा नसतोच.

"पाचवीला काय मिळतं?" मी विचारलं.

"हात मिळवतात," ती म्हणाली, आणि बाहेर बघायला लागली. मी पुढे विचारलं नाही. मला चिवट प्रश्न विचारायची सवय आहे, पण एवढं कळतं.

एकच प्रयोग

गावाच्या वेशीवर फलक होता. तो पाहून मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली. वर रोझाचा चेहरा, गाल गुलाबी, कपाळावर टिकली, डोळ्यांत पाणी, मागे विजा. आणि अक्षरं ही एवढाली:

"भव्य! दिव्य! एकच प्रयोग! ब्राझील येथील सुप्रसिद्ध रोजाबाई. या! रोजाबाईसंगे जुडो!"

"हे कोणी रंगवलं?" वेशीवर घ्यायला आलेल्या मनीषाला मी विचारलं.

"वडशाच्या दिलीपभाऊनं. ते नाटकांचे फलक रंगवतात नं, मॅडम. दुसरं त्यांना येत नाही. मी फोनवर सगळं सांगितलं होतं." मनीषा लाल झाली होती. हिवाळ्यात इकडे गावोगाव नाटकं होतात, वडशाच्या कंपन्या येतात, आणि जाहिरात म्हणजे अशीच, रडकी आणि रंगीत. रोझाला मात्र फलक एवढा आवडला की तिने त्याच्यासमोर उभं राहून तसाच रडवेला चेहरा केला आणि माझ्याकडून फोटो काढून घेतला.

खरी मजा दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात झाली. आम्ही पाच-पंचवीस पोरं येतील म्हणून गेलो, तर सगळं गाव लोटलेलं. निम्म्या बाया पोत्यांची बस्करं आणि उकडलेले शिंगाडे घेऊन नाटकाला आल्या होत्या. उरलेले लोक शिस्तीत रांगेत उभे होते आणि प्रत्येकाच्या हातात आधार कार्ड. रांगेत सगळ्यात पुढे नामदेवभाऊ, पांढरं धोतर, डोक्याला मफलर, आधार कार्डासोबत दोन फोटोसुद्धा.

"भाऊ, हे कशाला आणलंत?" मी विचारलं.

"जुडाले आलो नं, बाई."

"कशाला जुडायला?"

"आता थे मले काय मालूम? बोर्डावर लिवलं हाय, रोजाबाईसंगे जुडो. पयले बचत गटाले जुडलो, मंग धानाच्या सोसायटीले जुडलो. म्हणलं ब्राझीलवाली बी जोडून राह्यली तं जुडून घ्याव. नुसकान तं नाई नं?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्युडो नव्हे, जुडो! हिंदीतलं जुडो! मी हसू आवरायला शिट्टी तोंडात धरली आणि ती वाजली, तर सगळी रांग सावधान उभी राहिली. मी रोझाला फोनवर लिहून समजावलं की या लोकांना वाटतंय तू त्यांना कशाशी तरी जोडणार आहेस. तिने ते वाचलं, परत वाचलं, आणि नामदेवभाऊंचा हात धरून असा हलवला की मफलर सुटला. भाऊ भलतेच खूश झाले. आपण जुडलो अशीच त्यांची समजूत झाली असावी, कारण त्यांनी दोन्ही फोटो तिच्या हातात दिले.

प्रयोग मात्र झालाच नाही. शाळेच्या गाद्या कुठल्याशा स्पर्धेला गेल्या होत्या, त्या आल्याच नव्हत्या. कडक जमिनीवर कोणाला फेकणार? मनीषाने लोकांना सांगितलं, शनिवारी या. लोकांची काही तक्रार नव्हती. शिंगाडे आणलेच होते, ते खाऊन मगच उठले.

काऊन?

काजल पटांगणाच्या कडेला उभी होती. अठरा वर्षांची, उंच, खांदे रुंद, आणि अंगातलं बळ लपवायची सवय झाल्यासारखी जरा वाकून उभी. रोझाने तिला पाहिलं आणि सरळ चालत गेली. दोघी समोरासमोर आल्या. वजनाने, उंचीने उन्नीस-बीस. रोझाने तिची कॉलर आणि बाही धरली, तिला आपली धरायला लावली, आणि मान हलवली, हं, ओढ.

गवतावर दोघी नुसत्या फिरत होत्या. फेकायचं नव्हतंच. काजल आत शिरायची, कंबर लावायची, रोझाचा तोल जायला लागायचा, आणि तेवढ्यात काजलचा डावा हात उघडायचा. बाही सुटायची. दर वेळी तेच. रोझा थांबली. आल्यापासून तिला मराठीतला एक शब्द पक्का झाला होता, कारण गावातला प्रत्येक माणूस दर वाक्यात तो वापरत होता.

"काऊन?" ती म्हणाली, म्हणजे "का?", आणि काजलच्या डाव्या हातावर बोट ठेवलं.

काजल खाली बघायला लागली. मग एकदम बोलली, "मले वाटते, धरून ठेवलं तं माहं वजन तिच्यावर पडन. चेंदा होऊन जाईन तिचा. म्हणून मी सोडतो."

तिकडे बायासुद्धा "मी जातो, मी करतो" असंच म्हणतात. पण मला त्या वेळी बोली ऐकायचं भान नव्हतं. मी रोझाला सांगितलं तेव्हा तिने डोळे मिटले. मग तिने मला धरलं, हो, मला, आणि हळूच अर्धवट तिरकं केलं. बाही धरून ठेवली तेव्हा मी अलगद पाठीवर जात होते. मग तिने बाही सोडल्याचं नाटक केलं, तर माझा हात आपसूक जमिनीकडे गेला, सगळं अंग त्या हातावर. मला घाम फुटला. पण काजलला कळलं. बाही म्हणजे पडणाऱ्याला वर उचलून धरणारा दोर. तिने दयेपोटी तो दोर सोडला होता आणि त्यामुळेच त्या पोरीचा हात मोडला होता.

"म्हंजे मी धरून ठेवाले पायजे होतं?" तिने विचारलं. मनीषा हो म्हणाली. काजलने डोळे पुसले आणि परत रोझाची बाही धरली. आत शिरली, कंबर लावली. आणि परत हात उघडला. डोक्याला कळलेलं हाताला कळत नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं, की मी मनीषावर उगीच खेकसले की गाद्या वेळेवर का नाही आल्या.

रात्रीचं जेवण काजलकडे होतं. तिची आई सुमनबाई, बारीक चणीची, सगळा दिवस तळ्यात कंबरभर पाण्यात जाळं ओढणारी. तिने झिंगे-वांगं केलं होतं. झिंगे म्हणजे तळ्यातली बारीक कोळंबी. सोबत लाखोळीच्या डाळीचे वडे आणि भाताचा डोंगर. आमच्याकडे पाहुण्याला "अजून पोळी?" विचारतात आणि नको म्हटलं की थांबतात. इथे नको म्हटलं की वाढतात. रोझाने पिशवीतून कंदाचं भरड पीठ काढलं. ते लोक ते सगळ्यावर भुरभुरतात. सुमनबाईंनी चिमूट चाखून पाहिली.

"हा तं रवा हाय. पन भाजलेला बरा हाय." आणि आपल्या भातावरही टाकून घेतला.

जेवण झाल्यावर मी रविवारचा विषय काढला. सुमनबाईंचा चेहरा बदलला.

"बाई, तुमी पावन्या, म्हणून आयकतो. पन दुसऱ्याच्या लेकराचं हाड मोडाले मी पोरगी नाई वाढवली. मी गेलो होतो त्या पोरीले पाहाले. तिची माय मले काई बोलली नाई, नुसती पाहात होती माह्याकडं. वजन हाय माह्या पोरीत, देवानं देल्लं. त्यानं जारं ओढ, पोतं उचल. मानसं काऊन फेकाचे? सोडून दे म्हणलं हिले. तं सोडत बी नाई, फेकत बी नाई."

काजल भिंतीला टेकून बसली होती.

"शनिवारी या तुम्ही बघायला," मी म्हटलं. "काजलने फेकलं नाही, किंवा फेकल्यावर कोणाला लागलं, तर मीच तिला सांगेन सोड म्हणून."

हे मी कोणाच्या भरवशावर बोलले, देव जाणे. सुमनबाई म्हणाल्या, "कोनाले फेकन थे?" मी रोझाकडे पाहिलं. रोझाने भाषांतर वाचलं आणि पहिल्यांदाच तिने माझ्याकडे बघायचं टाळलं.

वडसा

शुक्रवारी आम्ही वडशाला गेलो. एक म्हणजे दिलीपभाऊ पेंटरांशी माझं भांडण बाकी होतं, आणि दुसरं म्हणजे रोझाला तिचा चेहरा ज्याने रंगवला तो माणूस पाहायचा होता. रेल्वे, तांदळाच्या गिरण्या, पोत्यांनी भरलेले ट्रक, आणि हिवाळ्यात नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या ओळीने. जिकडे बघावं तिकडे फलक, प्रत्येकावर कोणी ना कोणी रडतंय. आमच्या नाशिकला नाटक म्हणजे वातानुकूलित सभागृह आणि मध्यंतरात बटाटेवडा. इथे लोक ट्रॅक्टर भरून येतात.

दिलीपभाऊ रंगाच्या डब्यांत बसले होते. मी कमरेवर हात ठेवून सुरुवात केली, "भाऊ, ज्युडोचं जुडो कसं काय केलंत?"

"फोनवर जुडो आलं आयकू, बाई. म्हणलं लोकाहिले जोडाचा कारेक्रम आसन. वाईट काय हाय त्यात? आले नाई का लोक?"

आले होते खरे. मी कमरेवरचे हात काढले. गाद्यांची हकिकत ऐकल्यावर तेच म्हणाले, "तणस टाका नं. गुडघा-गुडघा. खळ्यावर लहानपणी आमी त्याच्यावरच उड्या मारत होतो. वरून माहा पडदा न्या." तणस म्हणजे धानाचा पेंढा. त्यांनी एक जुना, जाड, रंग उडालेला पडदा काढून दिला. त्यावर राजाची बाग रंगवलेली. कारंजं, गुलाब, दोन मोर.

बाजूच्या मांडवात तालीम चालली होती. सासरा जावयाला थप्पड मारतो आणि जावई उताणा पडतो असा प्रसंग. जावई झालेला नट असा सुरेख पडला, हनुवटी छातीला, हात जमिनीवर सपाट आपटून, की रोझाने टाळ्या वाजवल्या. ते तर ज्युडोतलं पडणं होतं, हुबेहूब! नटाला चेव आला, त्याने आणखी पडून दाखवलं. रोझा हसली, हसता हसता गप्प झाली, आणि मांडवाच्या कडेला बसून तिने फोनमध्ये बराच वेळ लिहिलं. मग फोन माझ्याकडे दिला.

तिने लिहिलं होतं की त्या शेवटच्या लढतीत तिला जिने फेकलं, तिने फेकल्या क्षणी तिला सोडून दिलं आणि हात वर करून आपल्या माणसांकडे धावली. रोझा छताकडे बघत पडून राहिली. गुडघा निकामी झाला होता, पण ती म्हणते त्याचं काही नाही. एवढी वर्षं जोडीदार शोधला आणि शेवटी पडताना कोणी धरलं नाही, हे तिला लागलं. तेव्हापासून ती शिकवते, धरते, दाखवते, पण कोणाकडून पडून घेत नाही. भीती वाटते.

मी तिच्यासाठी चहा आणला. तिने तो पिऊन घेतला आणि पडद्याची गुंडाळी एकटीने खांद्यावर टाकून गाडीकडे निघाली. ती गुंडाळी उचलायला दिलीपभाऊंना दोन माणसं लागली होती.

खळं

शनिवारी सकाळी धुकं होतं. नामदेवभाऊंच्या खळ्यावर बायांनी तणस टाकायला सुरुवात केली आणि बघता बघता गुडघाभर गादी झाली. पोरांनी उड्या मारून ती सारखी केली. वर बागेचा पडदा पसरला, चारी कडांना पोती ठेवली. सगळं गाव गोल बसलं. नामदेवभाऊ सगळ्यात पुढे. मनीषाने लोकांना दोन वाक्यांत बाही धरायचं समजावून सांगितलं, की धरून ठेवलं तर लागत नाही, सोडलं की लागतं. सुमनबाई मात्र बसल्या नाहीत. कडेला उभ्या राहिल्या, ओला पदर कमरेला खोचून. तळ्यावरून तशाच आल्या होत्या.

रोझा पांढरा पोशाख घालून आली. ती पडद्यावर चढली आणि तिने पायाच्या अंगठ्याने तणस दाबून पाहिलं. तिचा पट्टा बांधलेलाच होता, तरी तिने तो सोडून परत बांधला. मी पंच म्हणून उभी होते. मी तिच्याजवळ जाऊन "नको असेल तर सांग" असं हातवाऱ्यांनी म्हटलं. तिने मान हलवली. "काऊन?" म्हणाली.

काजलने तिला धरलं. फिरल्या. काजल आत शिरली, रोझाचा तोल गेला, आणि काजलचा हात उघडला. रोझाने कसंबसं सावरलं. परत धरलं. परत आत, परत कंबर, आणि परत हात सुटला. काजलच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने आईकडे बघितलं. सुमनबाई जागच्या हलल्या नाहीत.

तेवढ्यात नामदेवभाऊ उठले. मफलर हातात घेऊन ओरडले, "अवो पोरी, सोडतेस काऊन? जुडून राय!"

कोणीतरी हसलं. पण मागच्या बायांनी उचलून धरलं, "जुडून राय, काजल! जुडून राय!" आणि मग सगळं खळं, म्हातारी माणसं, वडशाहून आलेले दिलीपभाऊ, मनीषा, सगळे, "जुडो! जुडो!" मीसुद्धा. पंचाने ओरडायचं नसतं. ओरडले.

काजलने नाक पुसलं आणि बाही धरली. या वेळी मूठ अशी आवळली की बोटं पांढरी पडली. ती आत शिरली. रोझा उचलली गेली. ते एवढं मोठं अंग, पदकांसकट, गुडघ्यांसकट, सिंदेवाहीच्या त्या थंड हवेत वर गेलं, आणि पाय आभाळाकडे करून दोन मोरांच्या मधोमध उताणं आलं. धप्प! तणसाची धूळ उडाली. मला हात वर करून पूर्ण गुण द्यायचा होता, मी दोन्ही हात तोंडावर ठेवले.

सुमनबाई धावल्या, चिखलाच्या पायांनी सरळ बागेत शिरल्या, रोझाच्या उशाशी बसल्या आणि तिचा हात चाचपून बघायला लागल्या, मनगट, कोपर, खांदा. "लागलं का, बाई? कुठी लागलं?"

रोझाला शब्द कळले नाहीत, पण प्रश्न कळला. ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, मग परत हसायला. तिने डोळ्यांनीच तिच्या उजव्या बाहीकडे दाखवलं. काजल गुडघ्यांवर बसून ती बाही दोन्ही हातांनी घट्ट धरून होती.

सुमनबाई त्या हातांकडे बघत राहिल्या. लोकांचा गोंगाट सुरू झाला होता, नामदेवभाऊ सगळ्यांना सांगत होते की त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं. सुमनबाईंनी पदराने रोझाच्या केसांतलं तणस झाडलं आणि लेकीला म्हणाल्या, "झालं नं आता? सोड त्याहिले."

"नाई सोडत," काजल म्हणाली.

सुमनबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग उठून पदर झटकला.

"नको सोडू मंग," त्या म्हणाल्या. "पन पयले जेवाले चाला. उद्या सकारी नागपूरले निंघाचं हाय."